जुन्नर वनविभागातील बिबट्या बचावकार्य

जुन्नर वनविभाग हा महाराष्ट्राच्या पुणे जिल्ह्यातील जुन्नर, आंबेगाव, खेड व शिरूर या तालुक्यांत विस्तारलेला वन विभागाचा प्रशासकीय घटक आहे. लोकवस्तीत वावरणाऱ्या बिबट्यांना जेरबंद करण्यासाठी येथे पिंजरा आणि भूल देण्याची बंदूक ही मुख्य साधने वापरली जातात. जिवंत गोळी झाडणे हा कायद्याने अखेरचा उपाय मानला आहे.

पार्श्वभूमी

कुकडी प्रकल्पातील माणिकडोह, येडगाव, वडज, पिंपळगाव जोगे व डिंभे या धरणांमुळे परिसरातील सिंचन व उसाचे क्षेत्र वाढले. ऊस शेतात १२ ते १८ महिने उभा राहत असल्याने बिबट्यांना आडोसा व पिलांसाठी सुरक्षित जागा मिळते. कुत्री, शेळ्या व वासरे हे त्यांचे सहज उपलब्ध भक्ष्य ठरते. ऊसतोडणीच्या काळात उघड्यावर पडलेली पिले त्याच जागी ठेवून मादीला ती परत नेऊ देण्याची पद्धत येथे रूढ झाली आहे.

२००१ पासून पकडलेले बिबटे दूरच्या जंगलात सोडण्यास सुरुवात झाली. विद्या अत्रेय व सहकाऱ्यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, या स्थलांतरानंतर माणसांवरील हल्ल्यांचे वार्षिक सरासरी प्रमाण सुमारे ४ वरून १७ वर गेले. जुन्नरजवळील माणिकडोह येथील बिबट्या निवारा केंद्र वन विभाग व वाइल्डलाइफ एसओएस ही संस्था संयुक्तपणे चालवतात.

भूल देण्याची बंदूक

या बंदुकीतून गोळीऐवजी औषध भरलेली सुई असलेली सिरिंज सोडली जाते. ती वायूच्या दाबावर चालते व आघात होताच औषध स्नायूत शिरते. बिबट्यासाठी सहसा केटामिन व झायलाझिन यांचे मिश्रण वापरतात. मात्रा वजनाच्या अंदाजावर ठरत असल्याने पशुवैद्यकाची उपस्थिती आवश्यक असते.

नेमबाजाला अंतराचा अचूक अंदाज घेऊन दाब जुळवावा लागतो. दाब जास्त झाल्यास प्राण्याला गंभीर इजा होते, कमी झाल्यास सुई आत शिरत नाही. मांडी किंवा खांद्याचा जाड स्नायू हेच योग्य लक्ष्य असते. डोके, छाती व पोट टाळावे लागते. औषधाचा अंमल चढण्यास काही मिनिटे लागतात आणि तेवढ्या वेळात बिथरलेला बिबट्या पळू किंवा हल्ला करू शकतो. विहिरीत पडलेला वा पिंजऱ्यातील प्राणी तुलनेने स्थिर असतो. उभ्या उसात मात्र लक्ष्य क्षणभरच दिसते. त्यामुळे स्थिर फलकावरील सराव पुरेसा ठरत नाही. गर्दीचे नियंत्रण आणि पथकाच्या माघारीचा मार्ग हेही कामाचे भाग असतात.

कायदेशीर तरतुदी

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार बिबट्या अनुसूची १ मध्ये समाविष्ट आहे. कलम ११ अन्वये तो मानवी जीवितास धोकादायक झाल्यास मुख्य वन्यजीव रक्षक लेखी कारणे नोंदवून त्याला मारण्याची परवानगी देऊ शकतात. मात्र त्याला पकडणे, भूल देणे किंवा स्थलांतरित करणे शक्य नसल्याची त्यांची खात्री व्हावी लागते. स्वतःच्या वा दुसऱ्याच्या बचावासाठी सद्भावनेने प्राण्यास मारणे वा जखमी करणे हा गुन्हा ठरत नाही. त्या वेळी संबंधित व्यक्ती स्वतः कायद्याचा भंग करत असल्यास हे संरक्षण मिळत नाही. अशा प्रकारे मारलेला प्राणी शासनाच्या मालकीचा होतो.

पिंपरखेड घटना (२०२५)

ऑक्टोबर व नोव्हेंबर २०२५ मध्ये शिरूर तालुक्यातील पिंपरखेड परिसरात बिबट्याच्या हल्ल्यांत तीन जणांचा मृत्यू झाला. त्यांत दोन मुले होती. संतप्त ग्रामस्थांनी आंबेगाव तालुक्यातील मंचर येथे पुणे–नाशिक महामार्ग रोखला. त्यानंतरच्या शोधमोहिमेत भूल देण्याचा प्रयत्न फसला व बिबट्या पथकावर चालून आल्याने नेमबाजांनी त्याला गोळी घालून ठार केले.