उतरणीचे कौशल्य: खडबडीत वाटा आणि मोटारसायकल

मोटारसायकलच्या पहिल्या काही दशकांच्या इतिहासात चढांची नावे राहिली, उतारांची राहिली नाहीत. विसाव्या शतकाच्या प्रारंभी ब्रिटनमध्ये ‘रिलायबिलिटी ट्रायल’ सुरू झाल्या, म्हणजे यंत्राचा टिकाऊपणा पारखणाऱ्या लांब पल्ल्याच्या चाचण्या. त्यांत परीक्षक चढाच्या कडेला उभे राहून कोणते यंत्र न थांबता माथा गाठते याची नोंद घेत, आणि एक्समूरमधील ‘बेगर्स रूस्ट’सारखा चढ त्यामुळेच प्रसिद्धीस आला. डोंगराची दुसरी बाजू उतरणे अनेकदा अधिक अवघड असे, परंतु चढावर यंत्राची ताकद दिसते आणि यंत्र विकणाऱ्याला तीच दाखवायची असते. उतारावर कस लागतो तो स्वाराचा. उतरणीचे तंत्र त्यामुळे जाहिरातींत आले नाही. ते स्वारांनी एकमेकांकडे पाहून उचलले आणि यंत्र बदलत गेले तसे बदलत नेले.

आरंभीच्या अनेक मोटारसायकलींना क्लचही नव्हता आणि गिअरही नव्हते. इंजिनाची गती चामड्याच्या किंवा रबरी पट्ट्याने थेट मागच्या चाकाला मिळे, आणि ब्रेक म्हणजे त्या चाकावरच्या पट्ट्याच्या कप्पीत दाबला जाणारा एक ठोकळा आणि पुढे सायकलसारखी धावेला घासणारी जोडी, एवढाच असे. पट्टा भिजला की घसरू लागे, आणि मग उतारावर इंजिनाचा जो काही अटकाव चाकाला मिळायचा तोही हातचा जाई. १९२० नंतरच्या दशकात साखळी, तीन-चार गिअर आणि ड्रम ब्रेक, म्हणजे चाकाच्या तुंब्यातील पोकळ डब्यात आतून दाबणारे ब्रेक, रूढ झाले, तेव्हा कुठे उतरणीचा विचार पद्धतशीरपणे करता येईल असे यंत्र स्वाराच्या हाती आले.

हा विचार घडला तो प्रामुख्याने ट्रायल या क्रीडाप्रकारात. एडिनबरोच्या मोटार क्लबने १९०९ मध्ये सुरू केलेली स्पर्धा पुढे ‘स्कॉटिश सिक्स डेज ट्रायल’ म्हणून नावारूपास आली आणि १९३८ पासून तिचे ठाणे बेन नेविसच्या पायथ्याशी, फोर्ट विल्यम येथे स्थिरावले. इंग्लंडातील कार्लाइल येथे १९१३ मध्ये पहिली आंतरराष्ट्रीय सहा दिवसांची चाचणी झाली, तर यॉर्कशरच्या माळरानावर १९१४ मध्ये स्कॉट ट्रायलचा आरंभ झाला. ट्रायलमध्ये वेगापेक्षा तोलाला महत्त्व असते. दगडधोंडे, ओढे आणि घळी यांतून आखलेल्या छोट्या टप्प्यात स्वाराने पाय टेकला की दंडाचे गुण चढतात, अडखळून थांबला तर आज पाच गुण पडतात, आणि ज्याच्या नावावर सर्वांत कमी दंड तो जिंकतो. उतारावर भीतीने दोन्ही पाय खाली सोडून गाडी घसटत नेण्याची जी स्वाभाविक प्रवृत्ती असते ती या एका नियमाने मोडून काढली, आणि पायदाण्यांवर उभे राहून उतरण्याची शिस्त लावली. उभे राहिल्याने गाडीचा गुरुत्वमध्य खाली जातो असे पुष्कळदा सांगितले जाते, पण खरा लाभ वेगळा आहे: गुडघे आणि कोपरे सैल ठेवली की गाडी स्वाराच्या खाली डावी-उजवीकडे झुलू शकते, आणि तिचा प्रत्येक हेलकावा त्याच्या धडापर्यंत पोहोचत नाही.

त्या काळच्या ट्रायलच्या गाड्यांना बहुधा एकाच सिलिंडरचे, जड फ्लायव्हीलचे फोरस्ट्रोक इंजिन असे, आणि उतरणीचा खरा ब्रेक तेच होते. थ्रॉटल मिटलेले असताना फिरत्या चाकालाच इंजिन ओढावे लागते, सिलिंडरमध्ये हवा ओढून घेताना शक्ती खर्च होते आणि गाडीचा वेग आवरला जातो. यालाच इंजिन ब्रेकिंग म्हणतात. ओढा ओलांडल्यावर ड्रम ब्रेकमध्ये पाणी जाऊन त्यांची पकड काही काळ नाहीशी होई, इंजिनाला मात्र पाण्याने फरक पडत नसे. म्हणून पहिल्या गिअरमध्ये, क्लच न दाबता, शरीराचा भार मागे घेऊन उतरणे हा पाठ झाला. त्यातली मेख अशी की इंजिन फार मंदावून बंद पडले तर मागचे चाक जागीच जखडते आणि गाडी आडवी होऊ पाहते, तेव्हा स्वाराचे एक बोट क्लचवर तयार असावे लागते. अगदी उभ्या कड्यावर जाणते स्वार इंजिन बंद करून, गाडी गिअरमध्येच ठेवून क्लच थोडा थोडा सोडत उतरतात, म्हणजे ब्रेकचे काम क्लचकडून करून घेतात.

पाण्याने खोदलेल्या किंवा चाकांनी पाडलेल्या चाकोरीत आणखी एक अडचण उभी राहते. पुढचे चाक चाकोरीच्या भिंतीला घासू लागले की टायरची कड ती भिंत चढू पाहते, हँडल वळते, आणि स्वार घाबरून ते उलट फिरवतो तेव्हा मागचे चाक आतच अडकलेले असल्याने गाडी तिरकी होऊन पडते. चाकोरीत शिरायचे की तिच्या माथ्यावरून जायचे हे अलीकडेच ठरवावे, एकदा शिरल्यावर तिच्याशी झगडू नये, हँडल सैल धरावे आणि नजर चाकावर न ठेवता चाकोरी जिथे संपते तिथे ठेवावी, हा अनुभवाचा निष्कर्ष आजही तसाच शिकवला जातो.

मागच्या चाकाच्या स्प्रिंगांचा प्रश्न दीर्घकाळ वादाचा होता. जुन्या गाड्यांची मागची बाजू ताठ असे, आणि स्प्रिंग लावल्यास चाकाखालची जमीन स्वाराला कळणार नाही, असे अनेक ट्रायल स्वारांचे मत होते. रॉयल एन्फिल्डने १९४८ मध्ये स्विंगिंग आर्म, म्हणजे वरखाली हलणाऱ्या दांड्यावर बसवलेले मागचे चाक असलेली ३५० सीसीची बुलेट चाचण्यांत उतरवली. त्याच वर्षी इटलीतील सॅनरेमोच्या आंतरराष्ट्रीय चाचणीत तिने नाव मिळवले, आणि १९५२ मध्ये जॉनी ब्रिटनने बुलेटवर स्कॉटिश स्पर्धा जिंकली. उतारावर हा बदल निर्णायक ठरला, कारण दगडावरून उडालेल्या चाकाला इंजिनाचा अटकाव लागू पडत नाही, तो जमिनीला टेकलेल्या चाकालाच पडतो. हीच बुलेट भारतीय सैन्याने सीमाभागातील गस्तीसाठी पसंत केली आणि १९५५ पासून मद्रास येथे तिची जुळणी सुरू झाली. आज हिमालयाच्या वाटांशी जिचे नाव जोडले जाते त्या गाडीची मागची बांधणी अशा रीतीने ब्रिटनच्या ट्रायलमध्ये तावून निघाली होती.

१९६४ च्या अखेरीस ट्रायल स्वार सॅमी मिलरने जड ब्रिटिश एरियल गाडी सोडून स्पेनच्या बुल्टाकोसाठी शेर्पा टी ही टूस्ट्रोक गाडी घडवण्यास साहाय्य केले, आणि १९६५ मध्ये तिच्यावरून स्कॉटिश स्पर्धा जिंकली. शंभर किलोंपेक्षा हलक्या गाडीला स्वार केवळ अंगाच्या तोलाने वळवू शकतो, म्हणून जड फोरस्ट्रोक गाड्यांचा काळ तिथे संपत आला. मात्र उतरणीची एक मोठी सोय त्यांच्याबरोबर गेली. टूस्ट्रोक इंजिनाचा अटकाव अगदी क्षीण असतो, शिवाय त्याला लागणारे तेल पेट्रोलमध्येच मिसळलेले असल्याने थ्रॉटल मिटून लांब उतार उतरला तर पिस्टन कोरडा पडून जाम होण्याचा धोका असतो. राजदूत किंवा येझ्दी या टूस्ट्रोक गाड्यांवरून सह्याद्रीचे घाट उतरणाऱ्यांनाही मधूनमधून थ्रॉटल उघडून इंजिनाला तेल पाजण्याची सवय ठेवावी लागे. टूस्ट्रोकच्या स्वाराला म्हणून पुढच्या ब्रेकवर विसंबणे भाग पडले. उतारावर गाडीचा भार पुढच्या चाकावर येतो, त्यामुळे थांबवण्याची सर्वाधिक क्षमता तिथेच असते. पण सुट्या खडीवर ते चाक जखडले की पडणे अटळ, म्हणून एकदोन बोटांनी हळूहळू दाब वाढवण्याचे कसब मोलाचे ठरले. १९८० नंतर ऑफरोड गाड्यांवर डिस्क ब्रेक आले, पाणी चटकन झटकणाऱ्या या ब्रेकने बोटाच्या दाबाला नेमका प्रतिसाद दिला आणि या कसबाला आधार मिळाला.

चाक जखडू न देणाऱ्या एबीएसमुळे उतारावर ब्रेक कसा लावावा हा प्रश्न पुन्हा चर्चेत आला आहे. भारतात १२५ सीसीपेक्षा मोठ्या दुचाकींना एप्रिल २०१९ पासून ही व्यवस्था सक्तीची झाली. डांबरी रस्त्यावर ती जीव वाचवते, यात शंका नाही. मुरमाच्या उतारावर मात्र जखडलेले मागचे चाक आपल्यापुढे खडीचा लहानसा ढीग जमवते आणि त्याने वेग रोखला जातो, तर एबीएस ते चाक वारंवार सोडून देते आणि गाडी उताराला लागल्यासारखी पुढे जात राहते. या कारणास्तव रॉयल एन्फिल्डने २०२० मध्ये हिमालयन या गाडीवर मागच्या चाकाचा एबीएस बंद करण्याचे बटण दिले; पुढच्या चाकाचा मात्र चालूच राहतो.