मोबाइलचा टच चालवणारा अदृश्य थर

तांबे विजेचे सुवाहक, पण त्यातून आरपार दिसत नाही. काचेतून आरपार दिसते, पण ती वीज वाहू देत नाही. मोबाइलच्या स्क्रीनला मात्र दोन्ही गुण एकाच जागी लागतात. त्यासाठी काचेवर किंवा प्लॅस्टिकवर अतिपातळ थर चढवतात. त्याला पारदर्शक वाहक थर म्हणतात. उर्दू माध्यमाच्या मुलांना सांगायचे तर शफ्फाफही आणि मोसिलही!

सर्वात जास्त वापरला जातो तो इंडियम टिन ऑक्साइड, म्हणजे आयटीओ. त्यात वजनाने साधारण ९० टक्के इंडियम ऑक्साइड आणि १० टक्के टिन ऑक्साइड असते. थराची जाडी केसापेक्षा शेकडो पट कमी असते. बोट टेकले की त्या जागचा विद्युतभार बदलतो आणि कुठे स्पर्श झाला ते फोनला कळते.

घरी फोन पडला तर एवढे बघा. चित्र नीट दिसते, टचही चालतो, फक्त वरची काच तडकली, तर थर बहुधा शाबूत असतो. नुसती काच बदलता येईल का, ते दुकानदाराला आधी विचारा. टचच बंद पडला असेल तर बहुतेक वेळा डिस्प्लेसकट पूर्ण कॉम्बो बदलावा लागतो.

आयटीओच्या दोन अडचणी आहेत. इंडियम महाग, ते मुख्यतः जस्त शुद्ध करताना जोडीला मिळते. दुसरे म्हणजे हा थर ठिसूळ असतो. जास्त वाकवला की पापडासारखा तडकतो आणि विजेची वाट तुटते.

असे थर बनवण्याचे काम आपल्या राज्यातही होते. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात फवारा पद्धतीवर अनेक वर्षे संशोधन झाले आहे. या पद्धतीत धातूच्या क्षाराचे द्रावण तापलेल्या काचेवर फवारतात. पाणी उडून जाते, क्षाराचे विघटन होते आणि ऑक्साइडचा थर बसतो. तापमान साधारण ४०० ते ५०० अंश सेल्सिअस लागते. नेहमीचे प्लॅस्टिक एवढी उष्णता सोसत नाही. म्हणून घडी होणाऱ्या स्क्रीनसाठी चांदीच्या सूक्ष्म तारा, धातूची बारीक जाळी, ग्राफिन आणि वीजवाहक प्लॅस्टिक यांवर जगभर काम चालू आहे. वीजवाहक प्लॅस्टिकच्या शोधाला २००० साली रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले.

हे सारे भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्रच आहे. बारावीनंतर मेडिकल-इंजिनिअरिंगला नंबर लागला नाही म्हणून मुलीचे शिक्षण थांबवू नका. आपल्या वाशीम जिल्ह्यातून बी.एस्सी. करून पुढे अमरावती किंवा कोल्हापूरला एम.एस्सी. करता येते. या संशोधनाची वाट तिथूनच जाते.