माल्टाचे भूमिगत दफनालय

सिसिलीच्या दक्षिणेस भूमध्य समुद्रात माल्टा हे चिमुकले बेट आहे. प्रेषित पौलाचे जहाज फुटले ते हेच, अशी परंपरा आहे. पौलाच्याही अडीच हजार वर्षे आधी वापरातून गेलेले एक दफनालय तेथे जमिनीखाली आहे. त्याचे नाव हाल साफ्लिएनी.

१९०२ साली पावला गावी घरांसाठी पाण्याच्या टाक्या खोदताना ते उघडकीस आले. कामगारांनी प्रथम ही गोष्ट दडवूनच ठेवली. चुनखडीच्या खडकात एकाखाली एक असे तीन मजले कोरलेले आहेत आणि तेही धातू ठाऊक नसलेल्या माणसांनी, दगडाच्या व शिंगांच्या हत्यारांनी! इ. स. पूर्व ४००० ते २५०० हा त्यांचा काळ. काही छतांवर तांबड्या काव्याची वेलबुट्टी आहे. एका दालनाचे छत तर दगडांचे थर पुढेपुढे सरकवून रचल्यासारखे कोरले आहे. त्या काळच्या माल्टातील देवळांची छपरे आज उरलेली नाहीत. ती कशी असावीत, याचे अनुमान अभ्यासक या कोरीव छतावरून करतात. निद्रिस्त स्त्रीची वीतभरही नसलेली मृण्मूर्ती येथेच सापडली.

पहिले उत्खनन फादर एमान्युएल माग्री या जेझुइट धर्मगुरूंनी केले. १९०७ मध्ये ट्युनिशियात त्यांचे निधन झाले आणि त्यांची टिपणे हरवली ती कायमची. हाडे तर आधीच उपसली गेली होती. पुढे तेमी झम्मित यांनी उरलेले काम शास्त्रशुद्ध रीतीने केले. येथे सुमारे ७००० माणसे पुरली गेली, हा सर्वत्र दिला जाणारा आकडा त्यांचाच. मात्र तो थोड्या भागातील हाडांवरून बांधलेला अंदाज आहे. एवढ्या मृतांपैकी आज मोजक्याच कवट्या शिल्लक आहेत. मूर्तीपेक्षा मला ही हानी मोठी वाटते, कारण त्या माणसांचे वय, आजार, आहार हे सारे त्या अस्थीच सांगू शकल्या असत्या.

सुदैवाने शेजारच्या गोझो बेटावर शारा येथे त्याच काळाचे दुसरे दफनस्थान आहे. १९८७ ते १९९४ या काळात तेथे सावकाश उत्खनन झाले आणि हाडांचे सुमारे २,२०,००० तुकडे नोंदले गेले. त्यांवरून दिसते की अनेक मृतांच्या अस्थी मागाहून हलवून एकत्र मिसळल्या जात. गोव्यातील दफनभूमींत जुनी कबर उघडून अस्थी एकत्र ठेवण्याचा प्रघात ज्यांना ठाऊक आहे, त्यांना यात काही विपरीत वाटणार नाही. हाल साफ्लिएनीतही असेच घडत असावे, असे मानण्यास आता आधार मिळाला आहे.