दुसऱ्या हेन्रीचा मृत्यू : अभंग कवटीतील रक्तस्राव

फ्रान्सचा राजा दुसरा हेन्री याच्या मृत्यूचा उल्लेख राजकीय इतिहासात बहुधा वारसाहक्क व त्यापुढील धर्मयुद्धे यांच्या संदर्भातच येतो. प्रस्तुत लेखकाच्या मते या घटनेतील दुर्लक्षित साधन म्हणजे राजाच्या शवविच्छेदनाचा वृत्तान्त होय.

३० जून १५५९ रोजी पॅरिस येथे राजकुलातील विवाहांनिमित्त योजिलेल्या अश्वारूढ भालाद्वंद्वात माँगोमेरीचा भाला मोडला आणि त्याच्या चिरफळ्या राजाच्या उजव्या डोळ्यात शिरल्या. उपचारासाठी आंब्रोआझ पारे हा नामांकित शल्यवैद्य होता. ब्रुसेल्सहून शरीररचनाशास्त्रज्ञ वेसालियस यासही पाचारण करण्यात आले. तत्कालीन युरोपातील हे दोन श्रेष्ठ जाणकार. तरीही १० जुलै रोजी राजा मरण पावला. पंधरा वर्षांचा दुसरा फ्रान्सिस गादीवर आला.

शवविच्छेदनात कवटीचे हाड अभंग आढळले. आघात पुढून झाला असताना रक्त साचले होते ते डोक्याच्या मागील भागी, मेंदूच्या आवरणांदरम्यान. तेथील मेंदूचा सुमारे अंगठ्याएवढा अंश पिवळसर पडला होता, असे पारे नोंदवतो. धक्क्याने मेंदू कवटीत हेलकावतो व आघातस्थळापासून दूरची रक्तवाहिनीही फाटू शकते, हे त्याचे आजचे स्पष्टीकरण. हाड शाबूत म्हणजे मेंदू सुरक्षित, हे (आजही ऐकू येणारे!) अनुमान येथे कोसळते.

मात्र पारेला हे दिसले ते मृत्यूनंतर. जिवंत रुग्णाच्या कवटीत साचलेले रक्त, ती न उघडता, थेट पाहण्याची सोय सीटी स्कॅनमुळे झाली; लंडन येथे पहिल्या रुग्णाची अशी तपासणी झाली ती १९७१ साली.