पानशेतचा अपुरा विमोचक

आंबी नदीवरील पानशेतचे मातीचे धरण १२ जुलै १९६१ रोजी फुटले आणि त्याच्या लोंढ्याने खालचे खडकवासला धरण फोडून पुण्याचा नदीकाठ बुडवला. या अनर्थाचे मूळ पावसापेक्षा घाईत अधिक होते. विमोचकाचे, म्हणजे धरणाच्या पोटातून पाणी सोडणाऱ्या बोगद्याचे, काम अपुरे असतानाच पाणी अडवले गेले; अर्धवट दारांखालून उसळणाऱ्या पाण्याच्या हादऱ्यांनी बोगदा खिळखिळा झाला, वरचा भराव खचत गेला आणि जवानांनी रात्रभर रचलेल्या वाळूच्या पोत्यांनाही तो सावरता आला नाही. भरावाखालून जाणारा विमोचक ही मातीच्या धरणातील अत्यंत नाजूक जागा असते, हा धडा पुण्याने फार मोठी किंमत मोजून घेतला. पानशेत धरण पुढे पुन्हा बांधले गेले आणि पुणे आजही त्याचे पाणी पिते.