कांदा निर्यातबंदी: सरकारला हा अधिकार मिळतो कुठून, आणि व्हॉट्सॲपवर आलेला आदेश तपासायचा कसा?

माझं गाव पारनेर तालुक्यात. मी पुण्यात कोडिंग करतो, पण घरचा आयटी सपोर्टही मीच! मागच्या हिवाळ्यात चुलत भावाने रात्री एक पीडीएफ पाठवली. "दादा, निर्यात बंद झाली म्हणे. उद्या नेप्तीला माल न्यायचा की थांबायचं?" लाल कांदा चाळीत टिकत नाही, त्यामुळे थांबणं म्हणजे नुकसानच. पीडीएफ खरी होती, पण डिसेंबर २०२३ ची!

अधिकार कोणाचा?
ॲपच्या परमिशनसारखंच आहे. कोणाला काय करता येईल, हे राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत ठरलंय. बाजार राज्याकडे, आयात-निर्यात केंद्राकडे (संघ सूची, नोंद ४१). म्हणून नेप्तीचा लिलाव राज्याच्या कायद्याने चालतो, पण तोच कांदा दुबईला जाणार की नाही, हे दिल्लीत ठरतं.

केंद्राकडची दोन बटणं
१. बंदी किंवा किमान निर्यात मूल्य: विदेशी व्यापार (विकास व नियमन) कायदा, १९९२. आदेश डीजीएफटी काढतं.
२. निर्यात शुल्क: अर्थ मंत्रालय लावतं.

दोन्ही बटणं कधी दाबली?
- ऑगस्ट २०२३: ४० टक्के शुल्क
- ऑक्टोबर २०२३: किमान मूल्य टनाला ८०० डॉलर
- डिसेंबर २०२३: निर्यातबंदी
- मे २०२४: बंदी उठली, पण ५५० डॉलर किमान मूल्य आणि ४० टक्के शुल्क राहिलं
- सप्टेंबर २०२४: किमान मूल्य रद्द, शुल्क २० टक्के
- १ एप्रिल २०२५: शुल्कही रद्द

शहरात कांदा आवाक्यात राहावा, हा सरकारचा हेतू. पण निर्यात थांबली की माल देशातच साठतो आणि भाव शेतकऱ्याचा पडतो. म्हणूनच तारीख महत्त्वाची.

आदेश कसा तपासाल?
- राजपत्राच्या पहिल्या पानावर 'सीजी-डीएल-ई' ने सुरू होणारा क्रमांक बघा. त्यातले पुढचे आठ आकडे म्हणजे तारीख. उदा. ०१०४२०२५ म्हणजे १ एप्रिल २०२५.
- ई-गॅझेट किंवा डीजीएफटीच्या वेबसाइटवर तोच आदेश शोधा.
- त्यानंतर नवा आदेश आलाय का, तेही बघा. शेवटचा आदेशच लागू असतो.

हे सगळं करायला मला पाच मिनिटं लागली. सकाळी भावाची पिकअप नेप्तीला गेली.