गुणवत्ता मोजणारे घड्याळ खोटे बोलते तेव्हा



आरक्षणाचा विषय निघाला की 'गुणवत्ता' हा शब्द आपल्या तोंडावर फेकला जातो. म्हणून आज गुणवत्तेचाच एक इतिहास तपासू.

२००८ मध्ये स्पीडो कंपनीने एलझेडआर रेसर हा पोहण्याचा पोशाख आणला. त्याच्या कापडाची चाचणी नासाच्या प्रयोगशाळेत झाली होती. पोशाख अंग घट्ट आवळायचा आणि पाण्याचा अडथळा कमी करायचा. पुढच्या वर्षी इतर कंपन्यांनी त्याहून वेगवान, पूर्ण पॉलियुरेथेनचे पोशाख काढले. २००९ च्या रोम जागतिक स्पर्धेत ४३ विश्वविक्रम झाले. जर्मनीच्या पॉल बीडरमनने २०० मीटर शर्यतीत मायकेल फेल्प्सला हरवले आणि पोशाखाचा फायदा झाल्याचे स्वतःच मान्य केले. अखेर फिना या जागतिक संघटनेने १ जानेवारी २०१० पासून असे पोशाख बंद केले. तेव्हा 'हरलेल्यांना सवलत दिली' असे कोणी म्हटले का? नाही. सगळे म्हणाले, शर्यत न्याय्य झाली.

मग हाच न्याय आपल्याला का नाही?

चर्मकार समाजातले पालवणकर बाळू पुण्यात गोऱ्यांच्या क्लबात खेळपट्टीची देखभाल करायचे आणि साहेबांना सरावासाठी गोलंदाजी टाकायचे. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभराहून जास्त बळी घेतले. चेंडू तोच, मैदान तेच. तरी पुण्यात चहाच्या वेळी त्यांना पॅव्हेलियनबाहेर, वेगळ्या भांड्यात चहा मिळे. हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना कधीच मिळाले नाही. पुढे १९३७ च्या निवडणुकीत ते बाबासाहेबांच्या विरोधात उभे राहिले आणि हरले. तो राजकीय मतभेद लपवायचे कारण नाही. पण त्यामुळे त्यांच्यावर झालेला अन्याय लहान होत नाही. पोशाख डोळ्यांना दिसतो, म्हणून त्यावर बंदी येते. जात अंगावर दिसत नाही, तरी शर्यतीचा निकाल ठरवते.

आणि नुसता नियमही पुरत नाही. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा बोले ठराव १९२३ चा. महाड नगरपालिकेनेही चवदार तळे खुले केल्याचे कागदावर लिहिले. तरी पाण्याला हात लावायला २० मार्च १९२७ चा सत्याग्रह करावा लागला, आणि कोर्टातला निकाल लागायला १९३७ साल उजाडले. पोहण्याच्या पोशाखाचा प्रश्न दोन वर्षांत सुटला. आपल्याला पाण्यापर्यंत पोहोचायलाच इतकी वर्षे लागली.

आज सिंदी (रेल्वे) सारख्या गावातली पोरंपोरी पोलीस भरतीसाठी डांबरी रस्त्यावर धावतात. त्यांचा मुकाबला अकादमीत, मऊ ट्रॅकवर, चांगल्या बुटांत तयार झालेल्यांशी असतो. घड्याळ दोघांचे सेकंद मोजते, सुरुवातीची रेषा मोजत नाही.

म्हणून गावोगावी मैदान, ट्रॅक आणि प्रशिक्षक मागा. ग्रामसभेत मागा, नगर परिषदेत मागा, लेखी मागा. ही भीक नव्हे, ही न्याय्य शर्यतीची पहिली अट आहे. आणि पुढच्या वेळी कोणी 'गुणवत्ता' म्हटले, तर त्याला एवढेच विचारा: पोशाख कोणाच्या अंगावर होता?

जयभीम!